माश्यांविना बहर

१९ फेब्रुवारी

मुलीच्या सासरची मंडळी काल येऊन गेली. विहीणबाईंनी विचारलं, तुमच्या इथं बघण्यासारखं काय आहे? मी अडखळलेच. आमच्या शहराला गाव म्हटलं की नगरपालिका रुसते आणि शहर म्हटलं की पाहुणे हसतात. तरी त्यांना घेऊन फिरले. लिलावाची शेड दाखवली, फळं निवडायचा लांबलचक हॉल दाखवला, शीतगृह, खोकी ठोकणाऱ्यांची गल्ली, आणि जुनं सिनेमागृह, जिथं आता रिकामी खोकी रचून ठेवतात. विहीणबाई म्हणाल्या, म्हणजे सगळं नासपतीचंच. हो म्हटलं, इथला न्हावीसुद्धा यंदा पीक कसं आहे ते विचारून मगच कात्री हातात घेतो. त्या हसल्या. मला मात्र बोलून झाल्यावर जरा धास्तीच वाटली. एका फळावर एवढी माणसं. त्यातून नासपतीचा बहर जेमतेम आठवडाभराचा, आणि फुलात मध कमी, म्हणून माश्या तिकडं बोलावल्याशिवाय जात नाहीत. बागेत पेट्यांची रांगच लावावी लागते. त्या पेट्या आमच्या. बहराच्या दिवसांत बागवाले भाड्यानं नेतात. हा धंदा करणारं इथं दुसरं कोणी नाही.

आज थंडी ओसरली म्हणून ह्यांनी पेट्या उघडल्या. दरवर्षी माश्या शांत राहाव्यात म्हणून धुरांडं मी धरते आणि हे आतल्या पोळ्यांच्या चौकटी उचलून बघतात. यंदा म्हणाले, तू मेण गाळायला बस, माझं मी बघतो. दुपारी आत आले ते चेहरा पाडूनच. माश्या कमी आहेत म्हणाले. किती कमी, तर म्हणाले, आवाजावरून तरी बऱ्याच.

संध्याकाळी पेपर माझ्याकडे सरकवला. तू वाच, मी ऐकतो, तुझा आवाज बरा वाटतो. लग्नाला एवढी वर्षं झाली, असं कधी बोलले नव्हते. मुलगी गेल्यापासून माणूस मऊ झालाय. मी अग्रलेखापासून हवामानापर्यंत सगळं वाचून काढलं.

२८ फेब्रुवारी

आणखी पेट्या थंड पडल्या. बाहेरून बोटानं वाजवलं की आतून गुणगुण यायला हवी, ती येत नाही. मेलेल्या पेट्यांत मध तसाच होता. ह्यांनी त्या चौकटी काढून बाकीच्या पेट्यांना वाटून दिल्या. वाया कशाला घालवायचा, खातील बिचाऱ्या. दोन दिवस त्यातच गेले.

चौकटी नेता-आणताना मला सरसासारखा वास आला. सुतार लाकूड चिकटवायला सरस उकळतो ना, तसा. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, ओल धरलीय लाकडानं. मग नंतर बराच वेळ तिथंच उभे राहिले, हातात चौकट घेऊन.

टेम्पो हल्ली वन्संचा ड्रायव्हर चालवतो. हे गुडघा दुखतो म्हणतात. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. खोक्यांच्या गल्लीतला सगळ्यात मोठा कारखाना त्यांचा, आणि जीभही सगळ्यात मोठी. म्हणाल्या, याचा गुडघा चढताना दुखत नाही, बसल्यावर बरा दुखतो.

६ मार्च

आता निम्म्याहून जास्त पेट्या गेल्या.

रात्रंदिवस एकच विचार, असं का झालं. आज जेवताना ह्यांनीच तोंड उघडलं. मागच्या हंगामाच्या शेवटी पानवैद्यांनी सगळ्या बागांना नवं औषध दिलं होतं फवारायला. त्यानंतरच हे सुरू झालं.

पानवैद्य म्हणजे बाजारातले औषधवाले. खरं नाव कोणी घेत नाही. बागवाले खिशात एक रोगट पान घालून त्यांच्या दुकानात जातात, ते पान उजेडाला धरतात आणि काय झालंय ते सांगतात. सज्जन माणूस असंच मी आजवर समजत होते. पण पोटासाठी माणूस काय विकेल सांगता येत नाही. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही बोलत नसाल तर मी बोलते. हे म्हणाले, बघ बाई, नक्की काही सांगता येत नाही. यांचं नेहमी असंच. दुसऱ्यानं पायावर धोंडा टाकला तरी आधी धोंड्याला लागलं का ते विचारतील.

११ मार्च

लिलावाच्या शेडमध्ये सभा झाली. बहराआधी दरवर्षी होते, पेट्या कोणाला किती ते ठरवायला. यंदा शेड भरून लोक बाहेर उभे होते. बातमी पसरलीच होती.

मी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. आवाज निघाला तो निघालाच. म्हटलं, माश्या काही आपोआप मेल्या नाहीत. ज्यानं औषध विकलं तो इथं बसलाय, त्याला विचारा. पानवैद्य मधल्या बाकावर होते. सावकाश उठले. रागावले नव्हते, त्याचाच मला राग आला.

म्हणाले, “वहिनी, औषधानं माशी मेली तर ती पेटीच्या दारात पडते. ढीग लागतो. तुमच्या दारात ढीग पडलाय का?”

ढीग नव्हता. हे खरंच की माश्या नुसत्या कमी कमी होत गेल्या. पण त्या क्षणी मला वाटलं, हा माणूस शब्दात पकडतोय. मी म्हटलं, “बागेत मरतात त्या. घरी यायला उरत नाहीत.” टाळ्या पडल्या. कोणीतरी ओरडलं, पानं बघता बघता बागा खाल्ल्या याने. पानवैद्य टोपी हातात घेऊन बाहेर गेले.

हे शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. येताना उतरणीवर माझा हात धरला, घट्ट. मला वाटलं, अभिमान वाटतोय.

वन्सं मागून येत होत्या. म्हणाल्या, “उचलली जीभ लावली टाळ्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी नको व्हायला, एवढंच बघ.” त्यांना माझं कधी काही पटलंय?

१२ मार्च

पानवैद्यांच्या दुकानाची काच कोणीतरी फोडली. मी काही दगड मारायला सांगितलं नव्हतं. तसं ह्यांना दोनदा म्हणाले.

१७ मार्च

बाजारात पानवैद्यांची बायको दिसली. पाव घेत होती. मी आत गेले तशी सुटे पैसे न घेताच निघून गेली. पाववाली म्हणाली, यांच्या मुलीला शाळेत सगळे ‘विषारी’ म्हणतात. पोरंच ती, चार दिवसांनी विसरतील, असं मी म्हटलं. घरी येईपर्यंत ते वाक्य तोंडात कडू होत गेलं.

संध्याकाळी मी आणि हे चौकातून जात होतो, पानवैद्य समोरून आले. त्यांनी हात वर केला, काहीतरी बोलायला म्हणून थांबलेही. पण हे त्यांच्या अंगावरून गेले, जणू तिथं हवाच आहे. मी म्हटलं, छान केलंत. हे म्हणाले, कोण होतं? मी हसले. एवढा राग ह्यांच्यात असेल असं वाटलं नव्हतं.

२२ मार्च

मालकीणबाई आल्या होत्या. नदीकाठची मोठी बाग त्यांची, निम्मं शहर तिथं राबतं. त्या खुर्चीवर टेकल्या नाहीत. कळ्या फुगल्यात, म्हणाल्या, ऊन असंच राहिलं तर दहा-बारा दिवसांत बाग पांढरी होईल. किती पेट्या देता ते आज सांगा. हे म्हणाले, देऊ, सगळ्या देऊ. सगळ्या म्हणजे किती, तर हे भिंतीकडे बघायला लागले.

त्या गेल्यावर मी म्हटलं, तपासनीस बाईंना बोलवू, सरकारी माणूस आहे, औषधानं मेल्या असं लिहून देतील, मग दुसऱ्या जिल्ह्यातून पेट्या मागवता येतील. दाखल्याशिवाय कोणी देत नाही. हे ताडकन म्हणाले, कोणीही माझ्या पेट्या उघडायच्या नाहीत. चहा ओतत होते, तो अर्धा बशीबाहेर गेला. रागात लक्ष राहिलं नसेल. मी फडकं आणून पुसून घेतलं. पण मनातून चरकले. धंदा बुडतोय आणि हा माणूस अब्रू सांभाळतोय. शीतगृहानं म्हणे हंगामी माणसं घ्यायचं थांबवलंय. वन्संनी लाकडाची अर्धी मागणी रद्द केली. अजून एक फूल उमललं नाही आणि शहर आत्ताच आजाऱ्यासारखं दबक्या आवाजात बोलायला लागलंय.

जेवण जात नाही. झोप नाही. मुलीचा फोन आला तर सगळं ठीक आहे म्हटलं.

२५ मार्च

हे लिहायला हवं. लिहिलं नाही तर उद्या मीच म्हणेन, असं झालंच नव्हतं.

सकाळी मी मागे गेले. हे एका पेटीशी बसले होते, बरी म्हणता येईल अशी ती एकच उरली होती. मला पाहून, खरं तर माझी चाहूल लागून, त्यांनी एक चौकट उचलून उन्हात धरली. चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू होतं.

म्हणाले, “बघ, अळ्या कशा मोत्यासारख्या. ही पेटी वाचली.”

मी वाकून पाहिलं. मोती कुठले. अळ्यांच्या घरांची झाकणं खाली बसलेली, काळपट, तेलकट, त्यांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं. उघड्या घरांत अळी नव्हती, तपकिरी चिकट काहीतरी होतं. आणि तो सरसाचा वास, आता नाकाजवळ.

आधी वाटलं, थट्टा करतायत. मग वाटलं, खोटं बोलतायत, मला धीर द्यायला. मग मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते चौकटीकडे बघत नव्हते. चौकटीच्या जरा बाजूला बघत होते, पाखरू बघतं तसं. मी काही न बोलता हात त्यांच्या तोंडासमोर नेला. पापणी हलली नाही. हात कानाकडे नेला तेव्हा मान वळली.

“काय करतेस?” म्हणाले.

“अहो, तुम्हाला दिसत नाही.”

हे चौकट परत पेटीत ठेवायला गेले, ती खाचेत बसेना. मी बसवली. मग तिथंच मातीत बसून सगळं सांगितलं. मागच्या उन्हाळ्यापासून मधोमध धुकं यायला लागलं. कडेचं दिसतं, मधलं जातं. “तुझ्याकडे सरळ पाहिलं की तुझा चेहराच जातो. कान दिसतात.” अंडी, अळ्या, काही दिसेनासं झालं. मग आवाजावर, वजनावर चालवलं.

मी विचारलं, “आणि वास?”

“वास आला होता.”

“कधी?”

“फेब्रुवारीत. तू म्हणायच्या आधी.” मग म्हणाले, “बघून खात्री करायची म्हणजे कोणाला तरी म्हणावं लागलं असतं, की तू बघ.”

तेवढ्या एका वाक्यासाठी. मेलेल्या पेट्यांतला मध ह्यांनी आपल्या हातानं जिवंत पेट्यांना वाटला. रोग घरोघर पोचवला. आणि मी भर सभेत दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

मला ओरडायचं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. मी विचारलं, मग पेपर? तो आवाज बरा वाटतो म्हणून नव्हता तर? हे म्हणाले, तेही होतं. आता या ‘तेही’चं मी काय करू?

२६ मार्च

तपासनीस बाईंना मीच फोन केला. बाई तरुण आहेत, बोलायला शांत. एक काडी काळ्या घरात बुडवून वर ओढली, तर तपकिरी तार निघाली, लांबच लांब. म्हणाल्या, शंका नाही, अळ्यांचा रोग आहे, औषधाचा काही संबंध नाही. सगळं जाळावं लागेल. चौकटी, मेण, मध, माश्या. या हंगामात बाहेरच्या पेट्या शहरात आणायच्या नाहीत, आणल्या तर त्याही जातील.

मग ह्यांच्याकडे बघून विचारलं, यांना इतके दिवस दिसलं कसं नाही? मी म्हटलं, चुकलं आमचं.

बाई गेल्यावर हे म्हणाले, “रोग आला म्हण लोकांना. डोळ्यांचं नको.” त्यांनी आजवर माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं.

२८ मार्च

उजाडता उजाडता जाळलं. त्या वेळी सगळ्या माश्या आत असतात. मी दारं चिखलानं लिंपली. वन्संचे दोन कामगार खड्डा खणून गेले होते. पेट्या उचलताना हातांना गुणगुण लागत होती. मेलेल्या पेटीपेक्षा जिवंत पेटी उचलणं कठीण, हे मला आज कळलं.

हे खड्ड्याच्या काठाशी उभे होते. ज्वाळा मात्र दिसते म्हणाले. मेण पेटलं तेव्हा वास आला तो इतका गोड की मी पदर नाकाशी धरला. शेजारची बाई खिडकीत आली, बघितलं आणि खिडकी लावून घेतली. वन्संनी येऊन ह्यांच्या खांद्यावर शाल टाकली. आज त्यांनी काही टोमणा मारला नाही. त्यांनी ओळखलंय का? मी विचारलं नाही.

खड्डा बुजवला तेव्हा उन्हं वर आली होती. परसात इतकी शांतता मी लग्न होऊन आल्यापासून ऐकली नव्हती.

२९ मार्च

लिलावाच्या शेडमध्ये गेले. सभा नव्हती, पण रिकाम्या हातांनी माणसं तिथंच येऊन बसतात हल्ली. मी म्हटलं, औषधानं नाही, रोगानं मेल्या. रोग आमच्याच पेट्यांत होता. पानवैद्यांचा काही दोष नाही. त्या दिवशी मी बोलले ते खोटं ठरलं.

कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. सगळे नुसते बघत राहिले. मग हॉलची मुकादम बाई म्हणाली, ते ठीक आहे, पण आता फुलांवर बसणार कोण? तिच्या हाताखाली शंभरेक बायका फळं निवडतात.

डोळ्यांचं बोलले नाही. ह्यांना शब्द दिला नव्हता, पण नाही बोलले.

तिथून पानवैद्यांकडे. काचेच्या जागी फळी ठोकलीय. ते गिऱ्हाईक नसताना वजनाचं तागडं पुसत होते. मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं.

म्हणाले, “शेडमध्ये सांगितलंत, बरं केलंत. शाळेत कोण सांगणार?”

मी जाते म्हटलं, मुख्याध्यापकांना भेटते.

“नको वहिनी. तुम्ही बोललात की लोक फार ऐकतात.”

घरी येऊन मी अंघोळ केली, परत केली. काही उपयोग झाला नाही.

४ एप्रिल

बाग पांढरी झालीय. दरवर्षी या दिवसांत झाडाखाली उभं राहिलं की डोक्यावर मोटार चालू असल्यासारखी वाटते. आज एकही आवाज नाही. एवढी फुलं, आणि सगळी मुकी.

मालकीणबाईंनी हातानं परागीकरण करायचं ठरवलंय. त्यांच्या वडिलांनी एका वर्षी केलं होतं म्हणे. दुसऱ्या जातीच्या झाडाची फुलं खुडायची, चाळणीवर चोळून पराग पाडायचा, उबेला वाळवून बाटल्यांत भरायचा, आणि कुंचल्यानं एकेका फुलाला लावायचा. सगळं शहर लोटलंय. बँकेतले लोक, न्हावी, शिक्षक, शीतगृहाचे हमाल, पाववाली. दुकानांत कुंचले संपले तेव्हा बायकांनी पावडरीचे ब्रश आणले, कोणी काडीला कोंबडीची पिसं बांधली. शिड्याच शिड्या. पहिल्या दिवशी लोक गाणी म्हणत होते. आज तिसऱ्या दिवशी कोणी म्हणत नाही. एवढी माणसं दिवसभर राबली तरी मागे वळून पाहिलं की चार ओळी झालेल्या, आणि पुढे नदीपर्यंत पांढरंच पांढरं. फुलं वाट बघत नाहीत. कालची कडेची आज पिवळी पडायला लागली.

हे आज आलेच. नको म्हटलं तर ऐकेनात. घरी बसलो तर लोक काय म्हणतील. कुंचला घेतला, बाटली गळ्यात अडकवली, शिडी चढले. मी दोन झाडं सोडून होते. बघते तर हे कुंचला फिरवतायत तो पानांवर, रिकाम्या डहाळीवर. हाक मारावी तर सगळ्यांना कळणार, न मारावी तर कोणीतरी बघणारच.

तेवढ्यात शिडीच्या पायाशी पानवैद्य येऊन उभे राहिले. शिडी धरली. मला वाटलं, आता हा माणूस बोलणार, आणि का बोलू नये त्यानं. पण ते वर न बघता हळूच म्हणाले, “डावीकडे. अजून जरा वर. हं, तिथं घोस आहे.” ह्यांचा हात थांबला. मग डावीकडे गेला. असं बराच वेळ चाललं. अख्खी एक फांदी झाली.

पाणी प्यायला ते आले तेव्हा मी जवळ गेले. तुम्हाला कधी कळलं, असं विचारलं.

“चौकात. हात केला तर ते माझ्या कानाकडे बघत गेले.”

“मग त्याच वेळी का बोलला नाहीत? सगळं तुमच्यावर आलं होतं.”

“अंदाजच होता माझा. अंदाजावर कोणाचं नाव घेऊ?” पेला पालथा घालून म्हणाले, “आणि वहिनी, हे तुमच्यासाठी करत नाहीये मी. पराग पानांवर सांडत होता.”

दुपारी हे स्वतःहून खाली उतरले. मालकीणबाई सावलीत कामं वाटत होत्या, भोवती पुष्कळ माणसं. हे म्हणाले, “मला दिसत नाही. म्हणून पेट्या गेल्या. मला चाळणीचं काम द्या, बोटांना कळतं.” आवाज मोठा नव्हता, पण तिथलं सगळं थांबलं. न्हावी शिडीवर तसाच राहिला. मालकीणबाईंनी मिनिटभर ह्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया नव्हती, रागही धड नव्हता, बाग होती. मग म्हणाल्या, हॉलमध्ये जा, बायका बसल्यात तिथं.

मी हात धरून नेलं. वाटेत एकजण थुंकला. तो ह्यांना दिसला नाही, एवढंच.

९ एप्रिल

पाऊस आणि वारा. उरलेली फुलं जमिनीवर. संपलं.

२ जून

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं आणि वाईट सगळ्यांना माहीत होतं.

फळ धरलंय, पण विरळ. नदीकाठच्या बागेत जिथं हात पोचले तिथं आहे, बाकी झाडं नुसती हिरवी. निवडायचा हॉल यंदा अर्ध्याच बायकांवर चालणार. मुकादम बाईनं स्वतःच्या बहिणीचं नाव यादीतून काढलं, तेव्हा कुठं बाकीच्या गप्प बसल्या. शीतगृहाच्या दोन खोल्या बंद. खोक्यांच्या गल्लीत सकाळी हातोड्यांचा जो गलका असायचा तो आता मोजून ऐकता येतो. बसथांब्यावर रोज कोणीतरी बोचकी घेऊन उभं असतं. ओळखीचे असले की नजर चुकवतात, त्यांची चूक असल्यासारखी.

ह्यांना मोठ्या दवाखान्यात नेऊन आणलं. मधलं परत येणार नाही, कडेचं राहील, असं डॉक्टर म्हणाले. हे वन्संच्या कारखान्यात खोकी ठोकतात. अंगठा दोनदा ठेचला. वन्सं म्हणतात, तिसऱ्यांदा ठेचलास तर पगार कापीन. घरी आम्ही कामापुरतं बोलतो. कधी जास्तही बोलतो. मला त्यांचा अजून राग येतो, आणि जेवताना ते ताट चाचपतात तेव्हा राग कुठं ठेवावा ते कळत नाही.

आज कळलं की पानवैद्य शहर सोडून चाललेत. धंदा बसला म्हणून, असं ते सगळ्यांना सांगतात. दुकानाबाहेर एक म्हातारा बागवाला उभा होता, मुठीत पान. दार बंद बघून त्यानं ते खिशात परत ठेवलं.

मी त्यांच्या घरी गेले. कशाला गेले ते माझं मलाच सांगता येत नाही. बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. दारात टेम्पो उभा होता. पानवैद्य वर दोरी आवळत होते, त्यांनी मान हलवली. मुलगी पायरीवर बसून पिशवीचा बंद दातांनी सोडवत होती. मला पाहून आत पळाली.

मी उंबऱ्यापर्यंत गेले. खोली रिकामी, भिंतींवर फोटोंच्या जागी चौकोन. त्यांची बायको धुतलेल्या चादरी घड्या घालत होती. मोठ्या, दुहेरी चादरी. एकटीनं हनुवटीखाली धरून घडी घालायला बघत होती आणि टोक पुन्हा पुन्हा जमिनीवर लोळत होतं. मला पाहिलं. मी उंबऱ्यातच उभी. जा म्हणाली असती तर गेले असते.

तिनं चादर झटकली आणि दोन टोकं माझ्या हातात दिली. मग मागे सरकत गेली, चादर ताणली जाईपर्यंत. आम्ही दोघींनी घडी घातली. मग पुढची घेतली.